वखारीचा उंबरठा

गोदामाची जमीन आणि ट्रकची जमीन सहसा एका पातळीवर नसतात. त्या दोहोंमधले वीत-दीड वीत अंतर कोणी भरून काढायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने दिले. कधी ते हमालाच्या पाठीने भरले, कधी लाकडी फळीने, कधी लोखंडी पत्र्याने, आणि अलीकडे डॉक लेव्हलर नावाच्या यंत्राने. राज्यकारभाराचा इतिहास लिहिताना आपण कायदे, आयोग आणि पंचवार्षिक योजना पाहतो. गोदामाच्या ओट्याची उंची कोणी पाहत नाही. परंतु देशातले धान्य, साखर, खत आणि औषधे ज्या उंबरठ्यावरून आत-बाहेर जातात, त्याची उंचीही कोणत्या तरी कार्यालयात कोणीतरी ठरवलेली असते. एकदा ठरली की ती पन्नास-साठ वर्षे टिकते, आणि तेवढी वर्षे हजारो माणसांचे कष्ट तिच्यावरून ठरतात.

मराठीत गोदामाला 'वखार' हा जुना शब्द आहे. शाळेत आपण इंग्रजांची सुरतेची वखार आणि डचांची वेंगुर्ल्याची वखार वाचली, आणि तो शब्द इतिहासाच्या पुस्तकातच राहिला असे अनेकांना वाटते. पण राज्य सरकारच्या महामंडळाचे नाव आजही 'महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ' असेच आहे. जुन्या वखारींना ओट्याची फिकीर नव्हती. होडीतून माल डोक्यावर यायचा, बैलगाडीत जायचा. गाडीचा साटा आणि हमालाचा खांदा यांची उंची साधारण जुळत असे. उंचीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आणला तो रेल्वेने.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढच्या काही दशकांत देशभर मालधक्के उभे राहिले. रेल्वेची वाघीण मुंबईत भरली तर कानपुरात रिकामी व्हायची, तेव्हा दोन्ही ठिकाणच्या धक्क्यांची उंची एकमेकींशी सुसंगत असणे भागच होते. म्हणून रेल्वेने आपल्या परिमाणसूचीत मालधक्क्याची कमाल उंची बांधून टाकली. ब्रॉडगेजसाठी ती रुळाच्या माथ्यापासून १०६५ मिलिमीटर, म्हणजे मूळ हिशेबात साडेतीन फूट. बंदिस्त वाघिणीचा तळ सव्वा मीटरच्या आसपास असतो. उरलेली वीतभर पायरी फळी टाकून किंवा सरळ पाय उचलून पार करायची. उंचीचा नियम जिथे होता तिथे अंतर वीतभरच राहिले, ही गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मनमाडकरांना या पायरीचे दुसरे रूप ठाऊक होते. इकडून मुंबईचा ब्रॉडगेज मार्ग आणि तिकडून निजामाच्या राज्यातून, सिकंदराबादहून येणारा मीटरगेज. रुळांची रुंदी बदलली की वाघीण पुढे जाऊ शकत नसे, म्हणून एका वाघिणीतले प्रत्येक पोते उचलून दुसरीत टाकावे लागे. मेयोंच्या काळात, १८७० नंतर, बचतीच्या विचाराने अरुंद रूळ निवडले गेले. त्या बचतीची किंमत पुढची जवळजवळ शंभर-सव्वाशे वर्षे अशा सांध्यांवरच्या हमालांनी चुकवली. १९९२ नंतर 'युनिगेज' योजनेने हे सांधे हळूहळू मिटत गेले. पण मनमाडचे पोत्यांशी असलेले नाते संपले नाही. भारतीय अन्न महामंडळाचे मोठे आगार तिथे आहेच.

आता स्वातंत्र्योत्तर काळाकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल १९५४ साली आला. अध्यक्ष होते अ. द. गोरवाला, मुंबई प्रांतातले निवृत्त आयसीएस अधिकारी. आणि सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याला सुगीच्या वेळी पडत्या भावाने माल विकावा लागू नये, त्याने तो सरकारमान्य वखारीत ठेवावा आणि पावतीवर बँकेकडून कर्ज घ्यावे, ही त्या अहवालातली कल्पना. तिच्यातून १९५६ चा कायदा झाला, २ मार्च १९५७ रोजी केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी आपल्याकडचे राज्य महामंडळही. पुढे जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले; त्याचे मुख्यालय प्रारंभी मद्रासला होते आणि पहिले जिल्हा कार्यालय तंजावरला. पतपुरवठ्याच्या दृष्टीने ही सारी रचना फार विचारपूर्वक झाली. माल आत कसा जाणार, हा विचार मात्र अभियंत्याच्या टेबलावर सोडला गेला, आणि अभियंत्याने तो प्रामाणिकपणे, पण धान्याच्या बाजूने केला.

म्हणजे काय, ते सांगतो. गोदामाचे जोते उंच ठेवण्याची मुख्य कारणे ओल, पूर आणि उंदीर ही होती. चढउताराची सोय हे दुय्यम कारण. त्यामुळे सरकारी धान्यगोदामाच्या प्रमाण नकाशात रेल्वेच्या बाजूचा ओटा १०६ सेंटिमीटरचा, वर सांगितलेल्या रेल्वेच्या नियमाशी जुळणारा, आणि रस्त्याच्या बाजूचे जोते सुमारे ८० सेंटिमीटरचे अशी जोडी रूढ झाली. रस्त्याच्या बाजूला जुळवून घ्यायला कोणताही नियमच नव्हता. ट्रकचा तळ किती उंच असतो, हे विचारणार कोणाला?

प्रश्न खोटा नव्हता. १९५४ साली जमशेदपुरात टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या सहकार्याने ट्रक बनू लागले. पण कारखान्यातून बाहेर पडायची ती बहुधा नुसती चासी. तिच्यावर लाकडी-लोखंडी साटा चढवायचा तो नामक्कलच्या, सरहिंदच्या किंवा आपल्या गावच्या सुताराने आणि लोहाराने. कोणी एक तुळई जास्त घातली, कोणी फळ्या जाड वापरल्या, कोणी कमानीचे पाटे वाढवले. एकाच वर्षाच्या एकाच बनावटीच्या दोन ट्रकांचे तळ दोन उंचींवर. त्यातही रिकामा ट्रक वर उठलेला आणि भरलेला खाली बसलेला. मात्र या देशी साट्यात एक मोठा गुण होता: त्याचा फाळका तिन्ही बाजूंनी उघडतो. ट्रक ओट्याला आडवा लावा, बाजूचा फाळका पाडा आणि चार-सहा माणसे एकाच वेळी भिडू द्या. दहा टनांचा ट्रक, म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती, एक सरावलेली टोळी पाहता पाहता रिकामा करते. पंजाबात तिला पल्लेदार म्हणतात, केरळात चुमट्टु कामगार, आपल्याकडे माथाडी. आणि ट्रक-ओट्यातली वीत-हातभर पायरी ही सगळी माणसे गुडघ्यांवर पेलतात.

गणित सोपे आहे. पंजाबच्या मंडीतले गव्हाचे पोते ट्रकमध्ये चढते, गोदामात उतरते, वाघिणीत चढते, दूरच्या गोदामात उतरते, पुन्हा ट्रकमध्ये चढते आणि रेशन दुकानाच्या दारात उतरते. किमान सहा वेळा ते माणसाच्या अंगावर येते. गोदामाला रेल्वेची स्वतंत्र साइडिंग नसेल तर त्याहून अधिक. आणि अनेक दशके हे पोते पन्नास किलोचे नव्हते, शंभराच्या घरातले होते. हमाली, तोलाई, वाराई असे शब्द बाजार समितीच्या पावतीवर छापलेले असतात. त्या शब्दांमागचे वजन पावतीवर नसते.

त्या वजनाविरुद्ध जो लढा झाला त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभी केली (बाबा २०२५ च्या डिसेंबरात गेले). मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले. १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. कोणा एका मालकाचा नोकर नसलेल्या माणसाला मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि सुट्टी मिळावी, ही त्यातली योजना आजही अभ्यासण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनासंबंधी ठराव केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने त्या ठरावाला मान्यता दिली ती २०१० साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. दरम्यान धान्याचे पोते पन्नास किलोवर आले होते. पोते अर्धे झाले. उंबरठा मात्र होता तिथेच राहिला.

आता थोडे अमेरिकेकडे वळणे भाग आहे, कारण ते यंत्र तिथले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या पुरवठा खात्याने पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांचा वापर फार मोठ्या प्रमाणावर केला. युद्ध संपल्यावर ती सवय आणि ती साधने दोन्ही व्यापारात आली. माणूस पायरी चढतो. फोर्कलिफ्ट चढत नाही. तिला सलग, पक्की जमीन लागते. आधी ओटा आणि ट्रक यांच्यामध्ये जाड लोखंडी पत्रे टाकत. ते जड असत, सरकत, आणि एखादा निसटला की फोर्कलिफ्टसकट चालक खाली. १९५३ च्या सुमारास मिलवॉकी शहरातल्या केली नावाच्या कंपनीने ओट्यातच कायमचा बसवलेला, मागे बिजागरी असलेला आणि पुढचे टोक वरखाली होणारा पाट बाजारात आणला. तोच डॉक लेव्हलर. तीनच वर्षांनी, एप्रिल १९५६ मध्ये, माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला कंटेनर घेऊन निघाले, आणि मागच्या दारानेच भरायची पेटी जगभर पसरू लागली. ही दोन्ही साधने एकमेकांसाठीच जन्मली असावीत इतकी ती जुळली. परदेशी राहणाऱ्या वाचकांनी मोठ्या किराणा दुकानांच्या मागच्या बाजूला ओळीने दारे पाहिली असतील. प्रत्येक दारात जमिनीला एक चौकोनी पोलादी पाट बसवलेला असतो आणि दाराखाली दोन काळे रबरी ठोकळे. तेच हे यंत्र.

आपल्याकडे ते यायला तीस-चाळीस वर्षे लागली, याचे कारण अज्ञान नव्हते. ज्या देशात ट्रक तिन्ही बाजूंनी उघडतो आणि खांदा स्वस्त आहे, त्या देशात या यंत्राची गरजच भासत नाही. गरज निर्माण केली ती कंटेनरने. बंगळुरूला १९८१ साली देशातला पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो निघाला, भारतीय कंटेनर महामंडळ १९८८ मध्ये स्थापन होऊन पुढच्या वर्षाखेरीस कामाला लागले, आणि न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. कंटेनरच्या तीन भिंती बंद असतात. सहा जणांच्या टोळीला बाजूने भिडता येत नाही. मागच्या आठ फुटी दारातून एकामागून एक जावे लागते. शिवाय ट्रेलरवर ठेवलेल्या कंटेनरचा तळ जमिनीपासून दीड मीटरच्या जवळ जातो. जुन्या ८० सेंटिमीटरच्या जोत्यापुढे तो उभा केला तर पायरी होते कमरेएवढी. देशी साट्याने चाळीस वर्षे झाकून ठेवलेला प्रश्न या बंद पेटीने उघडा केला.

तरीही दोन हजार सालानंतरही आपली बहुतेक गोदामे जुन्याच घडणीची राहिली, आणि त्यामागे करपद्धती होती. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केली की कर लागे. आपल्याच शाखेकडे माल पाठवला तर लागत नसे. साहजिकच प्रत्येक कंपनीने प्रत्येक राज्यात एकेक लहान गोदाम भाड्याने घेतले. मुंबईच्या जकातीबाहेर राहावे म्हणून भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत शेकडो गाळे उभे राहिले. भाड्याच्या लहान गाळ्याच्या ओट्यात खड्डा खणून कोण यंत्र बसवणार? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली, आणि चार लहान गोदामांऐवजी एक मोठे गोदाम परवडू लागले. त्या मोठ्या गोदामांच्या भिंतीत दारे ओळीने आली आणि दारांत लेव्हलर. वित्त मंत्रालयाच्या एका अधिसूचनेने ओट्याचा आकार बदलावा, याची मला अजूनही गंमत वाटते.

सरकारी आणि सहकारी संस्थाही आता हे यंत्र मागवू लागल्या आहेत, आणि इथून पुढचे मी त्यांच्यासाठी लिहितो आहे. उत्तरेकडच्या एका राज्यात, एका सार्वजनिक संस्थेच्या नव्या गोदामात (नाव सांगण्यात अर्थ नाही) मी लेव्हलरांची एक सुंदर ओळ पाहिली. सगळ्यांवर रिकामी पोती अंथरलेली होती आणि त्यांवर दुपारी माणसे विश्रांती घेत होती. यंत्रे नादुरुस्त नव्हती. निविदेत क्षमता लिहिली होती, मोटारीची शक्ती लिहिली होती, रंगसुद्धा लिहिला होता. फक्त कोणत्या उंचीचे ट्रक येतात हे लिहिले नव्हते. पाट आखूड होता. उंच ट्रेलरला तो टेकला की इतका उभा चढ होई की हाताने ओढायची पॅलेटगाडी वर जात नसे, आणि तिथे दुसरी गाडी नव्हतीच.

निवडीचा सगळा प्रश्न तिथे सुरू होतो. ओट्याची उंची आणि येणाऱ्या वाहनांच्या तळांची सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उंची, एवढे तीन आकडे आधी हवेत. त्यावरून फरक कळतो, आणि फरकावरून पाटाची लांबी. लेव्हलरसंबंधी युरोपीय मानक आहे, ईएन १३९८; ते चढ साडेबारा टक्क्यांपर्यंतच मान्य करते, म्हणजे आठास एक. ओटा १.२ मीटरचा आणि ट्रेलर दीड मीटरचा असेल तर फरक तीस सेंटिमीटर. पाट किमान दोन मीटर चाळीस सेंटिमीटर हवा. हा झाला फोर्कलिफ्टचा हिशेब. माणसाने ढकलायच्या पॅलेटगाडीला याहून पुष्कळ सौम्य चढ लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक गोदामांत हीच गाडी असते. म्हणून परदेशी माहितीपत्रकातली लांबी जशीच्या तशी उचलू नये. दोन मीटरचा पाट स्वस्त पडतो, हे खरे. तो स्वस्त यासाठीच असतो की उरलेले अंतर कोणीतरी ढकलणार आहे.

वजनाच्या आकड्यातही अशीच फसगत होते. सहा टनांचा लेव्हलर म्हणजे सहा टन माल, असे समजून मागणीपत्र लिहिले जाते. प्रत्यक्षात त्यावर फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन, तिच्यावरचा माल आणि चालक हे सगळे एकदम येते, तेही धावत, आणि अनेकदा एकाच चाकाच्या बाजूला जास्त. दिवसातून दहा वेळा येते की तीनशे वेळा, याचाही फरक पडतो.

प्रकारांची चर्चा थोडक्यात करतो. ओट्याच्या कडेला बाहेरून ठोकलेली लहान पट्टी जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरचा फरक सांभाळते. सगळी वाहने एकाच मापाची असतील तरच तिचा उपयोग. स्प्रिंगवर चालणारा लेव्हलर साखळी ओढून उचलायचा आणि अंगाच्या भाराने खाली न्यायचा. त्याला वीज लागत नाही, हा आपल्याकडे फार मोठा गुण आहे, पण स्प्रिंगा वेळोवेळी जुळवाव्या लागतात आणि ते कोणी करत नाही. हायड्रॉलिक लेव्हलर बटणावर चालतो. शीतगृहांत आणि औषधांच्या गोदामांत पाट भिंतीसारखा उभा राहणारा प्रकार घेतात, म्हणजे दार थेट जमिनीला मिटते आणि थंडावा बाहेर जात नाही. पाटाच्या टोकाला जी जीभ असते तिला 'लिप' म्हणतात. ती बिजागरीने उलगडणारी असते किंवा खणासारखी सरकून पुढे येणारी. भारतीय ट्रकांसाठी सरकती जीभ बरी, असे माझे मत आहे. आपल्या ट्रकचा मागचा फाळका खाली पडून लोंबत राहतो, त्यामुळे ट्रक ओट्याला पूर्ण चिकटत नाही, आणि उलगडणारी आखूड जीभ मधल्या फटीवर अधांतरी राहते. ती ट्रकच्या तळावर निदान दहा सेंटिमीटर टेकलीच पाहिजे.

आणि छोटे टेम्पो? २००५ साली टाटा एस आला आणि शहरातली शेवटची वाहतूक अशा लहान गाड्यांकडे गेली. त्यांचा तळ इतका खाली असतो की १.२ मीटरच्या ओट्यावरचा कोणताही नेहमीचा लेव्हलर तिथवर नीट पोचत नाही. पोचला तरी उतार घसरगुंडीचा होतो. त्यांच्यासाठी कमी उंचीचे वेगळे दार किंवा वर-खाली होणारे कात्रीच्या घडणीचे टेबल हवे. नकाशा काढतानाच हे सुचले तर स्वस्त पडते.

वापराविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इथे माणसे मरतात. सर्वांत भयंकर अपघात साधा असतो: माल चढवणे चालू असताना ट्रक सुटतो. चालकाला वाटते काम झाले. कोणीतरी हाक मारलेली असते, ती दुसऱ्या ट्रकसाठी असते. आत गेलेली फोर्कलिफ्ट परत येते तेव्हा तिच्याखाली ट्रकही नसतो आणि पाटही. शिवाय फोर्कलिफ्टच्या प्रत्येक धक्क्याने ट्रक कणाकणाने पुढे सरकतो आणि जीभ केव्हा निसटली हे कळत नाही. परदेशात यावर ट्रकच्या मागच्या संरक्षक दांडीला पकडणारा आकडा ओट्यात बसवतात. आपल्याकडे ती दांडी वाकलेली असते, नाहीतर लोंबत्या फाळक्याआड गेलेली, म्हणून या आकड्यावर विसंबू नये. चाकाखाली ठोकळा, इंजिन बंद आणि ट्रकची किल्ली ओट्यावरच्या कारकुनाकडे, हा जुना मार्ग अधिक खात्रीचा. अमेरिकेच्या २०१६ च्या नव्या नियमांनीही पाट ट्रकवर टेकलेला असेपर्यंत ठोकळ्यांसारखा काहीतरी उपाय करून वाहन जागेवर रोखण्याचे बंधन घातले आहे. बाहेर चालकाला लाल दिवा दिसत असेल तेव्हाच आत हिरवा लागावा, ही जोडणीही फारशी महाग नाही.

हायड्रॉलिक लेव्हलरमध्ये एक झडप असते. आधार अचानक निघाला तर ती तेलाचा प्रवाह अडवते आणि पाट जागीच थांबतो. निविदेत ती नावानिशी मागावी. दुसरा धोका पाटाखालच्या खड्ड्यात असतो. धान्याच्या गोदामात तिथे सुतळी, सांडलेले दाणे आणि पावसाळ्यात पाणी साचते. उंदरांना याहून चांगले घर नाही. मग सफाईसाठी कोणीतरी पाट उचलून आत उतरतो. पाटाला खालून पोलादी टेकू लावल्याशिवाय आणि वीज तोडून कुलूप घातल्याशिवाय कोणीही आत जाता कामा नये. हे काम बहुधा कंत्राटदाराच्या सर्वांत नव्या पोराला सांगितले जाते, आणि टेकू कसा लावायचा हे त्याला कोणी दाखवलेले नसते. कारखाने अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आहे. संहिता कोणतीही असो, त्या पोराला टेकू दाखवणे हे गोदाम व्यवस्थापकाचे काम आहे.

राहिला हमालांचा प्रश्न. यंत्र आले की ते कुठे जाणार, हे फाईलवर क्वचितच लिहिलेले असते, आणि म्हणून यंत्रे पोत्यांखाली झोपतात. पोत्यामागे मजुरी ठरलेली असेल तर पॅलेटवर गेलेल्या पोत्याचा दर काय? अन्न महामंडळाच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ च्या अहवालात दाखवले की महामंडळाच्या खात्यातल्या कामगाराचा सरासरी खर्च महिन्याला सुमारे ७९,५०० रुपये होता, तर कंत्राटी कामगाराचा सुमारे १०,००० रुपये. पोते तेच, ओटा तोच. वर्तमानपत्रांनी त्यातला पहिला आकडा मथळ्यात घेतला. दुसऱ्या आकड्याविषयी फारसे कोणी बोलले नाही, आणि मला तोच अधिक बोलका वाटतो. केरळात १९७८ च्या कायद्याने डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांना संरक्षण मिळाले. पण पुढे यंत्राने केलेल्या कामाचीही मजुरी, नुसते पाहत उभे राहून, मागण्याची प्रथा पडली. तिला 'नोक्कुकूली' म्हणतात, आणि २०१८ साली सरकारला ती बंद करण्याचा आदेश काढावा लागला. प्रथा वाईट होती यात शंका नाही. तरी यंत्र बसवताना ज्याच्याशी कोणी बोलले नाही, त्याने आपला वाटा मागण्याची शोधलेली ती एक रीत होती, हेही नमूद केले पाहिजे.

पाट चालवायला, गाडी ओढायला, दिव्यांवर लक्ष ठेवायला आणि किल्ल्या सांभाळायला माणसे लागतातच. ती बाहेरून आणण्याऐवजी त्याच टोळीतून घ्यावीत, प्रशिक्षणाचे दिवस पगारी धरावेत, आणि पोत्याच्या दराऐवजी पाळीचा दर निविदा निघण्यापूर्वीच संघटनेशी किंवा माथाडी मंडळाशी बोलून ठरवावा. यंत्राच्या अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्याच पानावर दाखवता येते. वित्तीय नियमांत त्याला कोठेही आडकाठी नाही.

आणि उंचीचे ते आकडे मिळवण्यासाठी सल्लागार नेमण्याचीही गरज नाही. फाटकावर ट्रकचा क्रमांक लिहिणारी नोंदवही असतेच. तिच्यात एक रकाना वाढवावा, पहारेकऱ्याला एक मोजपट्टी द्यावी, आणि सुगीचा एक महिना व पावसाळ्याचा एक महिना प्रत्येक वाहनाचा तळ, येताना आणि जाताना, मोजून लिहायला सांगावे. पाटाची लांबी त्या वहीवरून काढावी आणि वहीची प्रत निविदेला जोडावी.